पुरात हॉस्पिटलसाठी हॅम रेडिओ: सांगली-मिरजेत जूनच्या आधी काय करून ठेवायचं

सांगलीत पाऊस किती पडला हे कुणी विचारत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालंय हे विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, कोल्हापूरकडचा हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, आणि तेव्हापासून "यापेक्षा जास्त येणार नाही" असं बोलायची कुणाची टाप नाही. अशा वेळी मोबाईलचा टॉवर जागेवर उभा दिसतो पण त्याची बॅटरी संपलेली असते, जनरेटरला डिझेल पोचत नाही, आणि जो टॉवर चालू असतो त्याच्यावर सगळं गाव एकदम तुटून पडतं. हॉस्पिटलला मात्र त्याच वेळी बोलायचं असतं. रक्त पाहिजे, ऑक्सिजन पाहिजे, डायलिसिसचे पेशंट कुठं हलवायचे, अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या रस्त्याने येणार.

हे लिहितोय ते ज्यांच्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन आहे किंवा काढायचा विचार आहे आणि पुरात नुसतं घरी बसून रेंज चेक करण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करायचंय त्यांच्यासाठी. आधीच सांगतो, यात रेडिओ चालवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. हॉस्पिटलच्या माणसांना तुमची सवय लावणं अवघड, आणि ते पुरात होत नाही, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत १९८० पासून एक हॅम ग्रुप फक्त हॉस्पिटलांसाठीच काम करतो. भूकंप-वणवा तर आहेच, पण नुसतं हॉस्पिटलचं टेलिफोन एक्स्चेंज झोपलं तरी ही मंडळी हँडसेट घेऊन मजल्या-मजल्यावर उभी राहतात. ते वाचून आपल्यालाही वाटतं की चला आपणपण करू, पण आपल्याकडे कायदा वेगळा आहे, त्यामुळे तिथली नक्कल जशीच्या तशी इथं चालत नाही.

आधी लायसन आणि कलेक्टर ऑफिस

लायसन नसेल तर परीक्षा द्या, एवढंच. वय १२ पूर्ण पाहिजे. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी विंग परीक्षा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. लायसनच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्द या स्पीडने मोर्स लागतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना साधारण व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचं ओळखीचं नाव) मिळतो, जनरलला व्हीयू२. परीक्षा पास झालो म्हणजे दुसऱ्या दिवशी लायसन हातात असं नसतं, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे होऊन यायला वेळ जातो, म्हणून मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही. आणि ऑनलाइन स्वस्तातला चायनीज वॉकीटॉकी मागवून लायसनशिवाय बोलायचं बटण दाबणं हा गुन्हा आहे, पूर आला म्हणून तो माफ होत नाही. लायसन नसलेल्या माणसालाही या टीममध्ये काम भरपूर आहे, ते पुढं सांगतो.

आता महत्त्वाचं. हॅम रेडिओवर दुसऱ्याचा निरोप सांगायची मोकळीक आपल्याकडे सहसा नसते. अ‍ॅमॅच्युअर सर्व्हिसच्या १९७८ च्या नियमांत सूट आहे ती नैसर्गिक आपत्तीत नेहमीची दळणवळण यंत्रणा बंद पडली तर, आणि तेव्हासुद्धा निरोप सक्षम सरकारी अधिकाऱ्याकडून किंवा त्याच्यासाठी असला पाहिजे. जिल्ह्यात हा अधिकारी म्हणजे कलेक्टर, किंवा कलेक्टरने नेमून दिलेला माणूस. म्हणजे काय, तर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी बोललो हे पुरेसं नाही. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यापासून नियमांची मांडणी बदलतेय, म्हणून सध्याचं काय ते सरल संचारवर बघूनच पुढं जा.

त्यामुळे पहिली चक्कर हॉस्पिटलची नाही, विजयनगरच्या कलेक्टर ऑफिसची. तिथं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टरच असतात. एक पानी अर्ज करा: आम्ही अमुक लायसनधारक, कॉलसाइन हे, पुरात फोन बंद पडल्यास अमुक हॉस्पिटल ते तुमची कंट्रोल रूम एवढा संपर्क ठेवू शकतो, त्यासाठी तुमचं पत्र पाहिजे आणि त्यात हॉस्पिटलचा कोणता अधिकारी निरोप देऊ शकेल ते नाव न घालता हुद्द्याने लिहा. हुद्दा यासाठी की साहेबांची बदली होते. हे पत्र मिळालं की त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या बॅगेत लॅमिनेट करून ठेवा, कारण रात्री दोन वाजता बॅरिकेडवर उभ्या असलेल्या पोलिसाला तुमचा छंद समजावून सांगायला वेळ नसतो.

दरवर्षी पत्राची तारीख नवी करून घ्यायची. जुनं पत्र दाखवलं की ऑफिसातले लोक आधी तारीखच बघतात.

हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायचं

सरकारी हॉस्पिटल असेल तर डीन किंवा मेडिकल सुपरिटेंडेंटची परवानगी लागतेच, खाजगी असेल तर अ‍ॅडमिन ऑफिसर. पण परवानगी देणारा माणूस आणि पुरात तिथं प्रत्यक्ष असणारा माणूस वेगळा असतो. तुम्हाला ओळख पाहिजे ती मेट्रनची, कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरची, टेलिफोन एक्स्चेंजवर बसणाऱ्याची, सिक्युरिटी सुपरवायझरची, बायोमेडिकल इंजिनिअरची आणि ऑक्सिजन प्लांट बघणाऱ्या मामांची. ऑक्सिजन किती तास पुरेल हे डीनना विचारलं तर ते फोन लावून याच मामांना विचारतात आणि तो फोनच बंद आहे ना.

पहिल्या भेटीत रेडिओ दाखवू नका. खरंच. रेडिओ काढला की सगळे त्याच्याच भोवती जमतात, "किती किलोमीटर जातो ओ", "पोलिसांचं ऐकू येतंय का", आणि कामाचं राहतं बाजूला. आधी फक्त विचारा: मागच्या पुरात तुमचा कुणाशी संपर्क तुटला होता, कोणता निरोप पोचायला उशीर झाला. उत्तरं ऐकून वही भरते. बऱ्याच वेळा असं कळतं की बाहेरच्या जगापेक्षा आतलंच अवघड झालेलं असतं, तळमजल्यावरची कॅज्युअल्टी वरच्या मजल्यावर हलवली आणि नवीन जागेचा इंटरकॉम नंबरच कुणाला माहीत नाही.

डायलिसिसबद्दल मुद्दाम विचारा. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटरच्या हिशोबाने १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी नुसतं मशीनमधून जातं, आरओमध्ये वाया जातं ते वेगळं. बाहेर सगळीकडे पाणीच पाणी आणि नळाला पाणी नाही अशी पुरातली गत असते, मग दिवसाआड डायलिसिस लागणारा पेशंट मिरजेला पाठवायचा का आणखी कुठं, हे ठरवायला डॉक्टरांना दुसऱ्या हॉस्पिटलशी बोलावं लागतं. तसंच सर्पदंशाचं. पाणी चढलं की साप माणसांच्या घरात येतात, आणि सापाच्या विषावरची लस कुठल्या हॉस्पिटलमध्ये किती व्हायल शिल्लक आहे हा निरोप पुरात अक्षरशः सोन्याच्या भावाचा असतो.

बिल्डिंग फिरून घ्या

हे काम एका दुपारचं आहे पण सगळ्यात उपयोगी. दोघांनी जायचं, एकाने गच्चीवर थांबायचं आणि दुसऱ्याने हँडसेट घेऊन बेसमेंटपासून वरपर्यंत फिरायचं. प्रत्येक ठिकाणी एक-दोन वाक्यं बोलायची आणि फ्लोअर प्लॅनवर टिक, क्रॉस नाही तर खरखर अशी खूण करायची. एक्स-रे रूमच्या भिंतीत शिसं असतं, तिथून काही निघत नाही. लिफ्टमध्ये नाही. आरसीसीच्या जाड भिंती आणि लोखंडी रॅकनी भरलेलं स्टोअर, तिथंपण बोंबच. पण खिडकीजवळ दोन पावलं सरकलं की चित्र बदलतं, म्हणून "कॅज्युअल्टीत लागत नाही" एवढं लिहून थांबू नका, "कॅज्युअल्टीत ड्रेसिंग टेबलाशेजारच्या खिडकीपाशी लागतं" असं लिहा. हा नकाशा टीममधल्या सगळ्यांकडे पाहिजे.

मग बसायची जागा ठरवा. तळमजला विसरा, पूर आहे. कंट्रोल टेबल निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर पाहिजे पण त्याच्या खोलीत नको, कारण रेडिओची खरखर चोवीस तास कानाशी कुणाला नको असते. जिना जवळ, खिडकी जवळ, गच्चीवरून केबल खाली आणता येईल असा डक्ट जवळ. ज्या पॉइंटला हॉस्पिटलच्या जनरेटरची लाइन आहे तो पॉइंट. असे पॉइंट कोणते ते इलेक्ट्रिशियनलाच विचारा, तोंडी सांगितलेलं धरू नका, मेन बंद करून बघायला लावा.

आणि आयसीयू, एनआयसीयू, ओटी, व्हेंटिलेटर असतील तिथं बटण दाबायचं नाही. हा नियम टीममध्ये कुणी मोडला तर त्याला घरी पाठवायचं, मग तो कितीही सीनियर असो. रेडिओच्या लहरींनी इन्फ्युजन पंप, ईसीजी मॉनिटर गडबडू शकतात. मेडिकल उपकरणांच्या मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूला एक तक्ता असायचा, किती वॉटच्या ट्रान्समीटरपासून किती लांब राहायचं त्याचा. आपल्या व्हीएचएफला (हँडसेटच्या १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना) साधारण १ वॉटला १.२ मीटर, १० वॉटला ३.८ मीटर असे आकडे त्यात असत. हे कमीत कमी अंतर समजा, आणि बायोमेडिकल इंजिनिअरला सोबत घेऊन रिकाम्या बेडवरच्या मॉनिटरवर एकदा ट्राय करून बघा. वॉर्डात निरोप न्यायचा असेल तर हँडसेट बाहेर ठेवून कागद घेऊन चालत जायचं, जुनं ते सोनं. एमआरआय रूममध्ये तर हँडसेट खिशात घेऊनसुद्धा जाऊ नका, तो मॅग्नेट कायम चालू असतो.

सामान

५ वॉटचा हँडसेट आणि त्याच्यासोबत आलेला रबरी अँटेना यावर सांगली ते मिरज भरवशाने बोलणं होईल असं धरू नका. दोन माणसं जमिनीवर उभी असली की गावातल्या बिल्डिंगांमध्ये दोन-तीन किलोमीटरला दम निघतो. पण दोन्हीकडे अँटेना चार-पाच मजली गच्चीवर, म्हणजे साधारण १६ मीटरवर नेला तर रेडिओ क्षितिज हिशोबाने ३३ किलोमीटर येतं. आपला भाग सपाट आहे हा मोठा फायदा. विश्रामबाग, मिरज, तासगावच्या बाजूला रिपीटरशिवाय (ऐकलेलं पुन्हा जोरात पाठवणाऱ्या स्टेशनशिवाय) थेट बोलणं होण्यासारखं आहे, पण कागदावरचं आणि हवेतलं यात फरक पडतो म्हणून प्रत्यक्ष बोलून बघितल्याशिवाय यादीत लिहू नका. आडवं काही आलं तर दंडोबाच्या डोंगरावर एक माणूस गाडीसकट बसवला की तो दोन्हीकडचं ऐकून पुढं सांगू शकतो.

अँटेना घरी करता येतो. १४५ मेगाहर्ट्झसाठी क्वार्टर वेव्ह म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरचा उभा दांडा आणि खाली चार तिरके दांडे. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचं माप) १.५ च्या आत आला की झालं, त्याच्या मागे लागून रविवार घालवू नका. केबलकडे मात्र लक्ष द्या. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली की या फ्रिक्वेन्सीला निम्मी पॉवर केबलमध्येच गरम होऊन जाते. गच्ची ते दुसरा मजला एवढं अंतर असेल तर जाड आरजी-२१३ घ्या, महाग आहे पण वर्गणी काढून एकदाच घ्यायची गोष्ट आहे. केबल हॉस्पिटलमध्ये कायमची टाकून ठेवायची परवानगी मिळाली तर अर्धं काम झालं, पुरात पावसात गच्चीवर चढायला लागत नाही. वळवाच्या पावसात विजा कशा पडतात माहितीये ना, वापर नसेल तेव्हा केबल रेडिओपासून काढून बाहेरच अर्थ केलेली पाहिजे.

बॅटरीचा हिशोब कागदावर करा, अंदाजाने नको. गाडीत बसवायचा मोबाईल रिग १० वॉटवर ठेवला तर बोलताना तीन-साडेतीन अँपिअर खातो आणि नुसतं ऐकताना अर्धा. दहा मिनिटांत एक मिनिट बोललं असं धरलं तर सरासरी पाऊण-एक अँपिअर, म्हणजे २४ तासाला २० अँपिअर-अवरच्या आसपास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते म्हणून एका दिवसाला ४० एएचची लागते. यूपीएसमधली ती छोटी ७ एएचची बॅटरी चार तासात हात वर करते. लिथियम फॉस्फेट परवडत असेल तर २५ एएचमध्ये तेवढंच काम होतं आणि उचलायलाही हलकी. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी उचलून आणायचा मोह होतो, पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, ऑक्सिजनच्या पाइपा असलेल्या बंद खोलीत ती ठेवायची नाही. पॉवर वायरला फ्यूज दोन्ही तारांना.

पॉवर किती वापरायची ते तुमच्या लायसनवर लिहिलंय तेवढीच, आणि जमत असेल तर त्याहून कमी. कमी पॉवर म्हणजे बॅटरी जास्त टिकते आणि मशीनला त्रास कमी.

बाकी बॅगेत हेडफोन (हे विसरू नकाच, पेशंटच्या नातेवाइकांनी अर्धवट काहीतरी ऐकायला नको), पॅडच्या वह्या, पेन्सिली कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही, टॉर्च, स्वतःची औषधं, पाणी, दोन दिवस पुरतील असे चपाती-शेंगदाण्याची चटणी किंवा भडंग. हॉस्पिटलच्या कँटीनवर भार टाकायचा नाही.

निरोप कसा सांगायचा

इथं जरा सावकाश वाचा, कारण चुका सगळ्या इथंच होतात.

निरोप आधी कागदावर. डॉक्टर धावत येऊन तोंडी सांगून गेले तर तुम्ही लिहून त्यांना नाही तर सिस्टरांना वाचून दाखवा आणि सही घ्या. सही नाही तर निरोप नाही. हे ऐकायला सरकारी वाटतं पण उद्या "मी २० सांगितले होते, ८ का आले" असं झालं की तो कागदच तुम्हाला वाचवतो. कागदावर वर नंबर, किती तातडीचा, तारीख-वेळ २४ तासांच्या घड्याळात, कुणाकडून, कुणाला, मजकूर, सही. तातडीचे तीनच प्रकार ठेवा: जिवाचा, आजचा, नंतरचा. पाच-सहा प्रकार केले की सगळेच जिवाचे होतात.

मजकूर असा: "निरोप सात. आजचा. वेळ एक चार दोन शून्य. ऑक्सिजन जंबो सिलेंडर शिल्लक एक आठ. उद्या सकाळी अकरा, एक एक वाजेपर्यंत पुरतील. आज रात्री दोन शून्य सिलेंडर पाहिजेत. गाडी मागच्या गेटने." यात पुरतील किती हे आलंय ते महत्त्वाचं. नुसतं १८ शिल्लक म्हटलं तर कंट्रोल रूममधल्या तहसीलदारांना ते भरपूर वाटतील. जंबो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतो, मिनिटाला ५ लिटर लागणारे २० पेशंट असले तर १८ सिलेंडर २१ तास. हिशोब ऑक्सिजनवाल्या मामांकडून करून घ्या, आपण नाही करायचा. आपण पोस्टमन आहोत, पत्रात भर घालणं पोस्टमनचं काम नव्हे.

आकडे नेहमी सुटे. आपली मराठी यात दगा देते, एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच ऐकू येतात, मग "पाच नऊ", "सहा नऊ". दीडशे-अडीचशे नाही, "एक पाच शून्य". आणि "परवा" हा शब्द रेडिओवर बंद. होऊन गेलेला परवा का येणारा परवा हे समोरच्याला कसं कळणार, तारीख सांगा.

ब्लड ग्रुपला जास्त जपा. रेडिओवर "निगेटिव्ह" म्हणजे "नाही" असं बोलायची सवय असते, त्यामुळे "ओ निगेटिव्ह" याचं काहीही होऊ शकतं. "ब्लड ग्रुप, ऑस्कर, आरएच निगेटिव्ह, चार बॅग" असं (रेडिओवर ओ अक्षराला ऑस्कर, एला अल्फा, बीला ब्राव्हो म्हणतात), आणि एबी असेल तर "अल्फा ब्राव्हो" दोन्ही अक्षरं. औषधाचं नाव स्पेलिंग करूनच. अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यात पहिली दोन अक्षरं खरखरीत गेली की दुसरंच औषध येतं. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम पूर्ण बोलायचं, शॉर्टकट नाही. समोरच्याने सगळा निरोप परत वाचून दाखवल्याशिवाय "पोचला" असं लिहायचं नाही, तो घाईत असला तरी वाचायला लावा. औषधांची लांब यादी असेल तर ज्यांना डिजिटल मोड जमतो त्यांनी लॅपटॉपवरून पाठवावी, पण बाकीच्यांना तो प्रयोग पुरात करू देऊ नका.

पेशंटचं नाव हवेवर कधीच नाही. हॅम रेडिओवर सांकेतिक भाषा चालत नाही, सगळं उघड असतं आणि कुणीही ऐकू शकतं. केस पेपरचा नंबर सांगा, नाव दोन्हीकडच्या कागदावर असतंच. मृत्यूची बातमी तर नाहीच, ती देणं डॉक्टरांचं आणि पोलिसांचं काम. ओळखीच्या माणसाने येऊन "आमच्या आत्या तिकडं अ‍ॅडमिट आहेत, जरा विचारता का" म्हटलं तर नाही म्हणायला जड जातं, सांगलीत सगळे एकमेकांचे पाहुणेच असतात. त्यांना हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर पाठवा.

धरणाच्या अफवांबद्दलपण हेच. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे पाटबंधारे खात्याकडून कंट्रोल रूमला आलेलं असेल तेवढंच पुढं. "आताच ऐकलं" असल्या गोष्टी रेडिओवर बोलल्या की त्यांना वजन येतं, लोकांना वाटतं सरकारी आहे.

कधी निघायचं

आयर्विनच्या फुटांवर सगळ्यांचं वेळापत्रक बांधून टाका म्हणजे कुणाला फोन करून विचारायला नको. ३० फुटाला बॅटऱ्या फुल चार्ज आणि बॅगा दारात. ३५ ला संध्याकाळी सगळ्यांनी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हजेरी. ४० ला पहिली जोडी हॉस्पिटलमध्ये हजर, बोलावणं येवो न येवो, मात्र हे हॉस्पिटलशी आधी ठरलेलं पाहिजे. ४५ च्या पुढं रस्ते कसे बंद होतील सांगता येत नाही. सांगलीवाडीत राहणारा ऑपरेटर असेल तर त्याने पूल चालू असतानाच अलीकडे यायचं नाही तर सांगलीवाडीतच थांबून तिथला संपर्क सांभाळायचा, मधलं काही नाही. गावभाग, दत्तनगर, मारुती चौकाच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना पहिल्या शिफ्टला लावूच नका. ज्याच्या घरात पाणी शिरतंय त्याचं लक्ष रेडिओवर कसं राहणार, त्याला आधी घर सोडवू द्या.

शिफ्ट आठ तासांची, जोडीने. एक बोलणारा, एक लिहिणारा आणि कागद पोचवणारा. हा दुसरा माणूस लायसनवाला नसला तरी चालतो, अक्षर चांगलं पाहिजे आणि पाय चालले पाहिजेत. कॉलेजची पोरं-पोरी यात एक नंबर काम करतात. बदली माणूस आला नाही म्हणून सलग वीस तास बसणारा हिरो नको, थकलेला माणूस सहा नऊचं नऊ सहा करतो.

सातारकरांना थोडं वेगळं. कराडपर्यंत नदीकाठ आपल्यासारखाच आहे पण पाटण, कोयनानगर, जावळी, महाबळेश्वर म्हणजे डोंगरच डोंगर, आणि तिथं पुरासोबत दरडी आणि भूकंपाचापण विचार करावा लागतो, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. खोऱ्यात व्हीएचएफ डोंगराला धडकून थांबतो. तिथं ४० मीटर बँड, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरी, कामाला येतो. एकूण सुमारे २० मीटर तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) मुद्दाम खाली, चार-पाच मीटरवरच बांधायचा, म्हणजे लहरी जवळपास सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून परत खाली येतात आणि मधले डोंगर आडवे येत नाहीत. दिवसा यावर पाटण, सातारा, सांगली, पुणे जमतं. संध्याकाळनंतर जवळचं गायब होऊन लांबची स्टेशनं यायला लागतात, म्हणून रात्रीसाठी ८० मीटरची सोय आणि तेवढी लांब तार बांधायला जागा बघून ठेवा.

सराव

रविवारी सकाळी बागेत बसून केलेला सराव हा सराव नव्हे, ती पिकनिक. ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी, सोमवारी अकराला हॉस्पिटलमध्ये जाऊन करा, आधी सगळ्यांना सांगून आणि सिस्टरांच्या सोयीने. गर्दीतून कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला किती मिनिटं लागतात ते कळेल. सरावातला प्रत्येक निरोप "सराव, सराव" म्हणून सुरू आणि "सराव" म्हणूनच बंद, नाही तर ऐकणारा कुणीतरी स्टेटस टाकून मोकळा. कायद्याच्या दृष्टीनेही सरावातले निरोप टीममधलेच ऑपरेटर एकमेकांना देतात असं ठेवा, हॉस्पिटलचा खरा कामाचा निरोप त्यात मिसळू नका. वॉर्डातल्या मावशींनापण सांगून ठेवा की हे पिवळे जॅकेटवाले कोण आहेत. त्या ओळखतात म्हटल्यावर कुलूपबंद जिन्याची चावी लगेच मिळते, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

पाणी उतरल्यावर लॉगची (निरोपांच्या नोंदवहीची) एक प्रत हॉस्पिटलला आणि एक कंट्रोल रूमला द्या, कोणत्या निरोपाला किती वेळ लागला ते त्यातच दिसतं आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला तोच कागद जोडायचा. गच्चीवरचे कनेक्टर उघडून बघा, ओल शिरली असेल तर हिरवा थर धरलेला असतो, ते कापून नवीन लावा आणि वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून पाणी अडवणारा रबरी टेप). हँडसेट दोन दिवस कोरड्या जागेत सिलिका जेलसोबत. बॅटऱ्या अर्ध्या उतरलेल्या तशाच कपाटात टाकू नका, लेड-अ‍ॅसिड लगेच फुल चार्ज करून दर महिन्याला एकदा टॉप-अप करायची, नाही तर पुढच्या जूनमध्ये ती मेलेलीच सापडते. हे काम कुणाचं ते आजच नाव लिहून ठरवा.